तासाला पद नसते

आपल्या समाजात एखाद्या घरातला पहिला मुलगा ‘प्राध्यापक’ होतो, तेव्हा वस्तीत पेढे वाटले जातात. विहारात सत्कार होतो. पोरगा पँट-शर्ट इस्त्री करून कॉलेजात जाऊ लागला, की बापाच्या पिढीला आपले कष्ट फळाला आल्यासारखे वाटते. नियुक्तिपत्र मात्र कुणी वाचत नाही. खरे तर ते पेढे वाटण्याच्या आधी वाचायला हवे. माझ्याकडे अशी सात नियुक्तिपत्रे आहेत. सातही एकाच महाविद्यालयाची, एकाच विषयाची, एकाच वर्गखोलीची. प्रत्येकात तारीख तेवढी बदललेली आहे आणि शेवटचे वाक्य कायम आहे: सदर नियुक्ती शैक्षणिक सत्राच्या अखेरीस आपोआप संपुष्टात येईल व यावर कोणताही हक्क सांगता येणार नाही. सात वर्षांत माझ्या आयुष्यात कायम झाले ते हे एकच वाक्य.

माझा बाप ऊसतोड कामगार. दिवाळीनंतर कारखान्याच्या फडावर जायचे आणि पट्टा पडला की परत यायचे, असे त्याचे वर्ष. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि टनावर ती फेडायची. पहिल्या वर्षी मी त्याला माझ्या नोकरीची पद्धत समजावून सांगितली. तासाला पैसे, सुट्टीत पैसे नाहीत, पुढच्या वर्षी घेतील का ते सांगता येत नाही. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हंजी तुझाबी हंगामच की रं?” मला हसू आले नाही. कारण सरकारी कागदावरही माझ्यासारख्याला शब्द तोच आहे: हंगामी.

हा लेख माझ्या तक्रारीसाठी नाही. एम.ए., नेट, सेट, पीएच.डी. होऊन दरवर्षी आपली शेकडो मुले-मुली महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या दाराशी उभी राहतात. तिथे त्यांना जे अनेक प्रकारचे कागद हाती दिले जातात, त्यांचा अर्थ काय, त्यातून काय मिळते आणि काय कायमचे हातातून जाते, हे नीट मांडावे, एवढाच हेतू आहे.

पदांची उतरंड

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन करताना चढत्या-उतरत्या श्रेणीबद्ध विषमतेकडे बोट दाखवले. आजच्या उच्च शिक्षणात अध्यापकांची अशीच एक उतरंड तयार झालेली आहे. वरचा खालच्याला सहकारी म्हणत नाही आणि खालचा त्याच्याही खालच्याकडे पाहून समाधान मानतो.

उतरंडीच्या माथ्यावर कायम सहायक प्राध्यापक. सातव्या वेतन आयोगानुसार त्याचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे, रजा, निवृत्तिवेतन योजना. त्याची नेमणूक जाहिरात, बिंदुनामावली, निवड समिती आणि विद्यापीठाची मान्यता एवढ्या पायऱ्या चढून झालेली असते.

त्याच्याखाली रजा कालावधीतली किंवा हंगामी नेमणूक. एखादा अध्यापक दीर्घ रजेवर गेला किंवा पद भरायला वेळ लागणार असला, तर तेवढ्यापुरता माणूस घेतात. इथे निदान एक गोष्ट असते: नेमणूक ‘पदा’वर असते.

तिसरा प्रकार कंत्राटी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २०१८ च्या विनियमांत याविषयी स्पष्ट तरतूद आहे. कंत्राटी नेमणूक अगदी गरज असेल तरच करावी, तिची संख्या एकूण अध्यापकपदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, पात्रता आणि निवडपद्धती कायम पदाचीच असावी, आणि मानधन कायम सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनाहून कमी नसावे. हा नियम कागदावर वाचला की डोळे भरून येतात. प्रत्यक्षात तो पाळणारे महाविद्यालय शोधायला निघाले, की पुन्हा भरून येतात.

चौथा प्रकार अतिथी अध्यापक. जानेवारी २०१९ मध्ये अनुदान आयोगाने त्याचे मानधन एका व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असे ठरवले. अतिथी या शब्दाची गंमत पाहा. आपल्याकडे अतिथीला देव मानतात. म्हणजे त्याने घरावर हक्क सांगायचा नसतो.

पाचवा प्रकार आपल्या महाराष्ट्राचा खास: तासिका तत्त्व. बोलण्यात सगळे ‘सीएचबी’ म्हणतात. घड्याळी तासाप्रमाणे मानधन. तासाचा दर शासन ठरवते आणि अधूनमधून वाढवते. माझ्या पत्रात आठवड्याला नऊ तास लिहिलेले असतात. या नऊ तासांत पेपर तपासणे बसत नाही, पर्यवेक्षण बसत नाही, नॅकच्या फायली बसत नाहीत, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर बसत नाही. ही कामे मात्र मी करतो, कारण पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच पत्र हवे असते. दरमहा पगार हा प्रकार नाही. देयक वर जाते, त्रुटी काढून परत येते, पुन्हा जाते. एका वर्षी तर सबंध सत्राचे मानधन सत्र संपल्यावर हाती पडले. तोवर किराणा दुकानदाराने आपल्याला प्राध्यापक समजून उधारी चालू ठेवली, हे आपले भाग्य.

सहावा प्रकार विनाअनुदानित तुकडीवरचा. तिथे संस्थाचालक म्हणतील ती पूर्वदिशा. सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना अधिक सांगायला नको.

राज्याच्या विद्यापीठ कायद्यात ‘शिक्षक’ या शब्दाची व्याख्या पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त अध्यापकापुरती आहे. त्यामुळे तासिकावाला वर्गात सर असतो, कायद्यात शिक्षक नसतो. विद्यापीठाच्या अधिसभेवर शिक्षकांचे प्रतिनिधी निवडले जातात. त्या मतदारयादीत त्याचे नाव नसते. शिकवायचे, पण मत द्यायचे नाही, ही अवस्था आपल्या लोकांना नवी नाही.

अनुभवाचा हिशोब

पुष्कळ मुले म्हणतात, पैसे कमी असले तरी अनुभव तर मिळतो. हा समज मोडणे फार आवश्यक आहे.

आधीची हंगामी किंवा कंत्राटी सेवा पुढे पदोन्नतीसाठी मोजायची असेल, तर २०१८ च्या विनियमांत अटी आहेत. त्या वेळी पात्रता पूर्ण असली पाहिजे. नेमणूक रीतसर निवड समितीच्या शिफारशीने झालेली असली पाहिजे. आणि तिसरी अट अशी की, त्या काळात मिळालेले मानधन कायम सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनाहून कमी नसावे. आता विचार करा. मानधन कमी द्यायचे हे व्यवस्थेने ठरवायचे. आणि मानधन कमी होते म्हणून सेवा धरायची नाही, हेही व्यवस्थेनेच ठरवायचे. ज्याला आधी लुटले, त्याला नंतर सांगायचे की तू लुटला गेलास म्हणून अपात्र आहेस. हा तर्क आपल्या इतिहासात आपण अनेकदा ऐकलेला आहे. शिकू द्यायचे नाही आणि नंतर अडाणी म्हणायचे, ही त्याची जुनी आवृत्ती.

निवडीच्या वेळी मुलाखतीला बोलावण्यासाठी जी गुणपद्धती आहे, तीत अध्यापनाच्या अनुभवाला एका वर्षाला २ गुण आणि जास्तीत जास्त १० गुण आहेत. म्हणजे पाच वर्षांनंतर तुमचे सहावे, सातवे, दहावे वर्ष या तक्त्यात शून्य. विद्यापीठातल्या पदांच्या तक्त्यात पीएच.डी.ला मात्र ३० गुण आहेत. आठवड्याला नऊ तास, त्याशिवाय बिनमोबदल्याची कामे, आणि पोट भरायला आणखी एखादी शिकवणी, हे करता करता पीएच.डी. मागे पडते. ज्याच्या घरात आधीच एक पगार येतो, तो दोन वर्षे घरी बसून प्रबंध पूर्ण करतो. गुणवत्ता म्हणतात ती अनेकदा वाट पाहण्याची ऐपत असते.

संशोधक: ना नोकर, ना विद्यार्थी

संशोधनाच्या वाटेला गेलेल्यांची स्थिती वेगळी, पण निराळी नव्हे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि वरिष्ठ ४२,००० रुपये झाली. सीएचबीच्या मानाने ही रक्कम मोठी वाटते आणि ती मिळवणाऱ्या आपल्या मुलांचा अभिमानच वाटतो. पण अधिछात्रवृत्ती म्हणजे वेतन नव्हे. तिला भविष्य निर्वाह निधी नाही, सेवाज्येष्ठता नाही, आणि ती वेळेवर येईलच असेही नाही. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी २०२३ मध्ये आपल्या संशोधक मुला-मुलींना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. ग्रंथालयात बसण्याची वर्षे मैदानात गेली.

आणखी एक तरतूद फार जणांना ठाऊक नसते. पीएच.डी. करण्यात गेलेला काळ अध्यापनाचा किंवा संशोधनाचा अनुभव म्हणून धरला जात नाही. कोणतीही रजा न घेता, नोकरी करता करता पीएच.डी. केली, तरच त्या काळातली सेवा धरतात. म्हणजे ज्याला आधी कायम नोकरी होती त्याची ती वर्षे मोजली जातात. अधिछात्रवृत्तीवर पूर्णवेळ संशोधन करणाऱ्याची जात नाहीत.

प्रकल्पातल्या नेमणुका तर प्रकल्पाच्या आयुष्याएवढ्याच. प्रकल्प संपला की माणूस संपला. तिथे निवडीत प्रकल्पप्रमुखाचा शब्द जड असतो. माणूस कुणाचा, कुणाच्या ओळखीचा, कुणाच्या हाताखाली शिकलेला, याला महत्त्व येते. आपल्या पहिल्या पिढीच्या मुलाची ओळख कुणाशी असणार? त्याला ओळखणारा विद्यापीठातला माणूस म्हणजे वसतिगृहाचा शिपाई.

आरक्षण पदाला असते

आता मुख्य मुद्दा. आरक्षण मोजले जाते ते पदांवर. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सभरवाल प्रकरणात बिंदुनामावली ही पदांशी जोडलेली आहे हे स्पष्ट केले. महाराष्ट्राचा २००१ चा आरक्षण कायदा २००४ पासून लागू झाला. त्यात अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७ टक्के, तसेच विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्ग यांना मिळून ३२ टक्के असे एकूण ५२ टक्के आरक्षण ठरले. अनुदानित शिक्षणसंस्था आणि विद्यापीठेही त्याच्या कक्षेत येतात.

याच कायद्यात काही अपवाद आहेत. त्यातला एक नीट वाचावा: ४५ दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुका. याचा सरळ अर्थ असा की, ४५ दिवस किंवा त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुका अपवादात बसत नाहीत. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतही तोच दंडक आहे. ४५ दिवस किंवा अधिक चालणाऱ्या तात्पुरत्या नेमणुकांत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांना आरक्षण द्यावे, असे नोव्हेंबर २०२२ मध्ये कार्मिक विभागाने सर्व मंत्रालयांना पुन्हा बजावले. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याची नोंद घेतली.

मग सबंध सत्राच्या तासिका नेमणुकीच्या जाहिरातीत प्रवर्गाचा रकाना का नसतो? आमच्या महाविद्यालयात मी हा प्रश्न विचारला. कार्यालयातल्या गृहस्थाने शांतपणे सांगितले, “सर, हे पद नाही. हे तास आहेत. तासाला कसलं आलंय रोस्टर?” त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता. त्यामुळेच ते अधिक लागले. पद फोडून त्याचे तास केले, की आरक्षण नावाचा शब्दच उच्चारावा लागत नाही. कायदा रद्द करण्याची गरज नाही, मोर्चाची भीती नाही. जे मोजता येत नाही ते नाकारल्याचा पुरावाही राहत नाही.

असाच प्रयोग दुसऱ्या वाटेने देशपातळीवर झाला होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर अनुदान आयोगाने मार्च २०१८ मध्ये संपूर्ण विद्यापीठाऐवजी प्रत्येक विभाग हा आरक्षणाचा घटक धरायला सांगितले. त्या बिंदुनामावलीत इतर मागासवर्गाचा पहिला बिंदू चौथा, अनुसूचित जातीचा सातवा आणि अनुसूचित जमातीचा चौदावा. ज्या विभागात तीन-चारच पदे, तिथे सातवे पद येणार कधी? देशभर आंदोलन झाले, २०१९ मध्ये अध्यादेश निघाला आणि संसदेने कायदा करून केंद्रीय संस्थांसाठी विद्यापीठ हाच घटक पुन्हा धरला. महाराष्ट्रानेही २०२१ चा स्वतःचा कायदा केला. ही लढाई आपण जिंकलो. पण पदे भरलीच नाहीत तर जिंकलेल्या बिंदूंचे करायचे काय? मे २०२० मध्ये करोनाच्या काळात नव्या भरतीवर बंदी आली. २०२१ च्या नोव्हेंबरात २,०८८ सहायक प्राध्यापकपदांना मान्यता मिळाली. तोवर आणि त्यानंतरही रिकाम्या पदांचा कार्यभार तासिकावाल्यांच्या खांद्यावर राहिला.

कायम करा, पण कोणाला?

इथे आपल्या चळवळीपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. तासिका आणि कंत्राटी अध्यापकांच्या संघटना मागणी करतात: आम्हाला सेवेत कायम करा. मी स्वतः त्या मोर्चात चाललो आहे. पण चालताना मनात एक खटका होता. ज्या नेमणुका बिंदुनामावली न लावता झाल्या, त्या सरसकट कायम केल्या तर काय होईल? संस्थाचालकाचा भाचा, अध्यक्षांच्या गावचा पोरगा, हे आरक्षणाच्या दारातून न येता कायम होतील आणि आमचे बिंदू कायमचे बुजतील. उलट, सर्वांना काढून नव्याने भरती करा म्हटले, तर दहा वर्षे राबलेला आपलाही माणूस रस्त्यावर येतो.

दिल्ली विद्यापीठातला अनुभव या बाबतीत बोलका आहे. तिथे चार-चार महिन्यांच्या हंगामी नेमणुका आणि मध्ये नावापुरता खंड, अशी वर्षानुवर्षे गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये नव्या रिक्त जागांवर हंगामीऐवजी अतिथी अध्यापकच घ्यावेत असे पत्र निघाले. त्यावर डिसेंबर २०१९ मध्ये मोठे आंदोलन झाले. म्हणजे हंगामीपणही हिसकावले जाऊ शकते आणि माणसाला एक पायरी खाली ढकलता येते.

न्यायालयांची भूमिका माहीत असावी. एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, रीतसर निवड न होता लागलेल्याला केवळ दीर्घ सेवेमुळे कायम होण्याचा हक्क मिळत नाही. त्यात एक भेद होता. नेमणूक केवळ अनियमित असेल आणि मंजूर पदावर दहा वर्षे सेवा झाली असेल, तर एकवार विचार करावा. ऑक्टोबर २०१६ मध्ये जगजित सिंग प्रकरणात समान कामाला समान वेतनाचे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू केले गेले. डिसेंबर २०२४ च्या जग्गो प्रकरणात, वर्षानुवर्षे राबवलेल्या माणसांना नाकारण्यासाठी उमादेवी निकालाची ढाल करता येणार नाही, अशा अर्थाची भूमिका न्यायालयाने घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना किमान वेतनश्रेणी देण्याचा आदेश झाला. या सगळ्यांतून एक धागा निघतो: तुमची नेमणूक कोणत्या पद्धतीने झाली, याचा कागद असेल तरच पुढे काही बोलता येते.

म्हणून माझ्या मते मागणीचा क्रम बदलला पाहिजे. आधी तात्पुरत्या नेमणुकीच्या दाराशीच बिंदुनामावली उभी करा. ४५ दिवसांहून अधिक काळाची प्रत्येक नेमणूक, तिला तास म्हणा, अतिथी म्हणा की आणखी काही, प्रवर्गनिहाय जाहिरात देऊन, रीतसर निवड समितीने करावी. मग त्यांना कायम करा ही मागणी न्यायाची होईल आणि आरक्षणाशी तिचे भांडण उरणार नाही. अनुदान आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये नव्या विनियमांचा जो मसुदा काढला, त्यात कंत्राटी नेमणुकांची १० टक्क्यांची मर्यादाच गाळलेली होती. वारा कुठून वाहतो आहे हे यावरून कळावे.

काय करता येईल

काही साध्या गोष्टी. नियुक्तिपत्र लेखी घेतल्याशिवाय तास घेऊ नका. त्यात जाहिरातीचा दिनांक, निवड समितीचा उल्लेख आणि नेमणूक कोणत्या रिक्त पदाच्या कार्यभारावर आहे, हे लिहायला लावा. प्रत्येक वर्षाचे पत्र, हजेरीची प्रत, मानधन बँकेत जमा झाल्याची नोंद जपून ठेवा. रोख घेऊ नका. माहितीच्या अधिकारात महाविद्यालयाची मंजूर पदे, भरलेली पदे आणि तपासलेली बिंदुनामावली मागा. एकट्याच्या नावाने भीती वाटत असेल तर वस्तीतल्या दुसऱ्या कुणाच्या नावाने मागा. बाळंतपणाच्या काळात कंत्राट संपले म्हणून लाभ थांबवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले आहे. आपल्या भगिनींना हे ठाऊक असू द्या.

बाबासाहेब १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. परदेशी विद्या, मोठा पगार, वर्गात विद्यार्थ्यांची गर्दी. तरी प्राध्यापकांच्या खोलीतल्या घागरीला त्यांनी हात लावण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतल्याचे चरित्रकार सांगतात. आज आमच्या कॉलेजात घागर नाही. थंड पाण्याचे यंत्र आहे, तिथे कुणीही पाणी पितो. फक्त स्टाफरूममधल्या कपाटांवर नावे लावलेली आहेत आणि त्यात तासिकावाल्यांची नावे नाहीत. माझी पुस्तके सात वर्षे पिशवीत आहेत.

गेल्या जूनमध्ये आठवे पत्र आले नाही. कार्यभार कमी झाला असे कळले. बापाने विचारले, “औंदा हंगाम नाही?” मी म्हणालो, नाही. त्याने थोडा वेळ जाऊ दिला आणि म्हणाला, “मुकादम बदलता येतो. आमी बदलायचो. एकट्याला जमत न्हाय पर. समद्यांनी मिळून बदलायचा आस्तो.”

मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला आहे. खाली सह्यांसाठी जागा सोडली आहे.